दुखणं थांबवण्याचाही दर ठरवा : आरोग्यमंत्र्यांना एका भूलतज्ज्ञाचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सप्रेम नमस्कार. वि. वि.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकवीस वर्षं भूल देते. लोक मला ‘भुलीच्या मॅडम’ म्हणतात. मी डॉक्टर आहे हे पुष्कळांना ऑपरेशन झाल्यावर कळतं, काहींना तेव्हाही नाही. माझा स्वतःचा दवाखाना नाही. सुया, नळ्या आणि औषधांची एक बॅग आहे. ती घेऊन सकाळी एकीकडे सिझर, दुपारी दुसरीकडे मोडलेला खुबा, रात्री तिसरीकडे अपेंडिक्स असं फिरते. तालुक्याला भूलतज्ज्ञाचं काम असंच चालतं.

मागणी एका ओळीची आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या दरपत्रकात वेदनाशमनाची एक वेगळी ओळ घाला. ती का हवी हे मात्र एका ओळीत मावत नाही, म्हणून हा पसारा.

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी आल्या. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. केस योजनेत बसत होती. आरोग्यमित्राने कागद चढवले, पण रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. मंजुरीला दोन दिवस गेले. खुबा मोडलेल्या माणसाला स्वस्थ पडून असताना त्या मानाने कमी दुखतं. खरी बोंब होते ती हलवताना. कुशीवर वळवताना, खाली बेडपॅन सारताना, एक्स-रेच्या टेबलावर घेताना. आजींचा आवाज जिना उतरून खालच्या मेडिकलपर्यंत जायचा. शेवटी त्यांनी पाणी पिणंच सोडलं, लघवीला लागू नये म्हणून.

अशा वेळी जांघेत, शिरेच्या म्हणजे मज्जातंतूच्या आसपास एक इंजेक्शन देता येतं. आम्ही त्याला ‘ब्लॉक’ म्हणतो. बुपिव्हाकेन. सिझरच्या बाईला आम्ही पाठीत जे देतो, त्याच जातीचं औषध. वीस-पंचवीस मिनिटांत मांडी बधिर होते आणि पुढचे काही तास माणूस माणसात येतो. गुंगी नाही, मळमळ नाही, चटक लागायचा प्रश्नच नाही. मी ते दिलं. आजी दोन तास गाढ झोपल्या आणि उठल्यावर त्यांनी चहा मागितला.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “चांगलं केलंत मॅडम, पण ह्याचं वेगळं काही निघत नाही. सगळं पॅकेजमध्येच.” माणूस वाईट नाही. पॅकेजच्या ठरलेल्या रकमेत सळई-प्लेट, सर्जन, मी, नर्सा, औषधं, पेशंटचं जेवण, जनरेटरचं डिझेल असं सगळं बसवायचं असतं. त्यातून माझं अर्ध्या तासाचं जादा काम आणि एक जादा सुई त्याने कुठून काढावी?

पुढच्याच महिन्यात तशीच दुसरी केस आली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, त्या दिवसातली माझी सहावी केस होती, आणि मी ब्लॉक दिला नाही. डायक्लोफेनॅक हे नेहमीचं दुखण्यावरचं औषध लिहून दिलं आणि घरी गेले. हे सांगताना मला बरं वाटत नाही. पण एखाद्या म्हातारीची रात्र कशी जाईल हे माझ्या थकव्यावर अवलंबून राहू नये, असं मला वाटतं.

आता थोडं अमेरिकेचं. तिकडचं उदाहरण काढलं की आपल्याकडे नाकं मुरडतात, पण दुखणं थांबवायला वेगळे पैसे न देण्याची ही चूक त्यांनी आपल्याआधी केली आणि दुरुस्तीही आपल्याआधी सुरू केली, म्हणून सांगते. १९९६ मध्ये तिथे ऑक्सिकॉन्टिन नावाची अफूच्या कुळातली गोळी बाजारात आली. व्यसन लागण्याची भीती फारशी नाही, असं कंपनीने डॉक्टरांच्या गळी उतरवलं. गोळीवरून हेरॉइन, हेरॉइनवरून फेंटानिल असं होत होत २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत तिथे अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून जास्त माणसं गेली. मग सरकारने आधी जे कुठलंही सरकार करतं तेच केलं, दोर आवळला. २०१६ मध्ये कडक मार्गदर्शक सूचना आल्या. डॉक्टर घाबरले, वर्षानुवर्षं औषध घेणाऱ्यांच्या गोळ्या एकदम तुटल्या, आणि २०२२ मध्ये त्याच सूचना सैल कराव्या लागल्या.

डॉक्टर दुसरं काही देत का नाहीत, या प्रश्नाचं एक मोठं उत्तर तिथे बिलात सापडलं. वृद्धांसाठीची त्यांची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, शस्त्रक्रियेची एकगठ्ठा रक्कम देते. अफूची गोळी स्वस्त. जखमेभोवती बधिर करणारं जास्त टिकाऊ इंजेक्शन किंवा थेंबथेंब औषध सोडणारा छोटा पंप महाग. गठ्ठ्यातून खर्च करायचा म्हटल्यावर हॉस्पिटल स्वस्त वस्तूकडेच हात घालणार. डिसेंबर २०२२ मध्ये ‘नोपेन’ नावाचा कायदा झाला, आणि १ जानेवारी २०२५ पासून २०२७ अखेरपर्यंत, ज्या शस्त्रक्रियेनंतर माणूस त्याच दिवशी घरी जातो तिथे, यादीतल्या बिगर-अफू औषधांचे आणि उपकरणांचे पैसे गठ्ठ्याबाहेर वेगळे मिळू लागले. त्यालाही लगाम आहे: शस्त्रक्रियेच्या दराच्या १८ टक्क्यांपर्यंतच. आणखी एक विधेयक तिथल्या संसदेत मांडलं गेलंय. ‘आधी अफूची गोळी घेऊन बघा, भागलं नाही तर दुसरी देऊ’ असं विम्याने म्हणता कामा नये, हे त्याचं सार.

हे सगळं भूतदयेपोटी झालं असं मी समजत नाही. महागडी इंजेक्शनं बनवणाऱ्यांचा त्या कायद्यामागे चांगलाच जोर होता, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं इंजेक्शन साध्या बुपिव्हाकेनपेक्षा फार सरस नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. जानेवारी २०२५ मध्ये तिथे सुझेट्रिजिन नावाची नवी गोळीही मंजूर झाली. वेदनेचा निरोप ती मेंदूपर्यंत पोहोचण्याआधी शिरेतच अडवते. बाजारात आली तेव्हा एका गोळीची किंमत साडेपंधरा डॉलर होती, म्हणजे आमच्याकडच्या ऊसतोड बाईची दिवसाची मजुरी घालूनही वर उधारी करावी लागेल. माझ्या बॅगेतलं बुपिव्हाकेन जुनं आहे, स्वस्त आहे, भारतातच बनतं. कमी आहे ती फक्त त्या म्हातारीशेजारी थांबून ते देण्याच्या अर्ध्या तासाची किंमत.

‘आमची माणसं अफूच्या गोळ्या घेतातच कुठे?’ असं आपल्या कार्यालयातून कोणी म्हणेल. बऱ्याच अंशी खरं आहे. (अगदीच निर्धास्त राहू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केलं की मुंबईतली एक कंपनी टॅपेंटाडॉल हे अफूवर्गीय औषध आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती आणि तिथली पोरं त्यापायी वाया जात होती. त्यानंतर केंद्राने परवानग्या मागे घेतल्या. जी गोळी घानात पोहोचते तिला गेवराई लांब नाही.) पण मुद्दा वेगळाच आहे. आमच्याकडे बिगर-अफू औषध पोत्याने आहे, त्याचं नाव डायक्लोफेनॅक. बाजाराच्या दिवशी दवाखान्यासमोर रांग लागते. एक सुई, दोन रंगीत गोळ्या, आणि माणूस परत रानात. उन्हात घाम गाळलेला, पाणी कमी प्यायलेला, वर रक्तदाबाची गोळी चालू असलेला माणूस हे औषध महिनोनमहिने घेत राहिला तर मूत्रपिंडाची काय वाट लागते, ते आपल्या डायलिसिस केंद्रांना विचारा. डायलिसिसचे पैसे योजना देते. ब्लॉकचे देत नाही.

हेच डायक्लोफेनॅक जनावरांना टोचल्यामुळे गिधाडं मेली. मेलेल्या बैलाचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि तीन जाती जवळजवळ संपल्या. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद केलं. तरी माणसांच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये तेही इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेत बांधलं. गिधाडांसाठी हे झालं याचा मला आनंदच आहे. बैलाच्या मालकाच्या मूत्रपिंडासाठी कोणी काही केल्याचं मात्र मला आठवत नाही.

मनाईचं काम आपल्याला छान जमतं. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा बघा. भारत परवान्याने अफू पिकवतो, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पण त्या कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं की हॉस्पिटलांनी अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिनचा नादच सोडला आणि कॅन्सरचे पेशंट तळमळत गेले. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह सहा औषधांना एकाच परवान्याची सोय झाली. माझ्या गावात मॉर्फिनची गोळी अजून मिळत नाही. नातेवाईक बार्शी नाहीतर संभाजीनगर गाठतात. २०१८ मध्ये ट्रामाडोल हे सौम्य अफूवर्गीय औषधही त्या कायद्याखाली आलं. दुसऱ्याच महिन्यात आमच्या मेडिकलवाल्याने हात जोडले, “मॅडम, ती भानगड आपल्याला नको.” त्याच्या जागी लोकांना काय मिळालं? पुन्हा डायक्लोफेनॅक.

आणि मग गर्भपिशवीचं प्रकरण. आपल्याला ते माहीत आहे, साऱ्या देशाला माहीत आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्या गावांतून ऊसतोडीला कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांच्या नावावर. पहाटेच्या थंडीत तोड सुरू, नंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पाळी असो, पोटात मूल असो. खाडा केला की मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये नीलमताई गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या किती जणींना मी भूल दिली, याचा हिशोब माझ्याकडे नाही. ठेवला असता तर तो उघडून बघायची हिंमत झाली असती का, सांगता येत नाही. तिशी-पस्तिशीची बाई टेबलावर वाकून बसलेली असायची, मी तिच्या मणक्यांवरून बोट फिरवत विचारायचे, कशापायी काढतेस गं? उत्तर ठरलेलं. “कंबर लई दुखती ओ मॅडम. पोटात बी कळा येत्यात. एकदाची काढली की कटकट मिटली.”

कंबर मोळीने दुखत होती. पिशवी गेली तरी मोळी डोक्यावरच होती. ज्यांच्या बीजकोशांनाही हात लागला त्यांची हाडं ठिसूळ होऊ लागली, म्हणजे दुखणं दुप्पट. समितीनंतर नियम आला, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय आमच्याकडे पिशवी काढायची नाही. फार बरं झालं. पण ज्या दिवशी तिचा परवानगीचा अर्ज नाकारला जातो, त्या दिवशी तिच्या कंबरेचं काय करायचं, हे त्या कागदात नाही.

ती कुठे जाईल असं आपल्याला वाटतं? ग्रामीण रुग्णालयात गेली तर केसपेपरवर नर्स लिहिते, ‘पेन प्लस प्लस’. आमच्या बायकांकडे दुखण्याला किती शब्द आहेत! ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी. उसण, चमक, ठसठस, आग, मुंग्या. ऐकून घेणारा असेल तर अर्धं निदान तिथेच होतं. ‘ठणकतंय’ म्हणाली तर सुजेचा संशय धरा. ‘पायापर्यंत सणक जाती, आग होती’ म्हणाली तर शीर दबलीय का बघा. शिरेच्या आगीवर डायक्लोफेनॅकचा फारसा उपयोग होत नाही. तिला ॲमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारखी गोळी लागते, थोड्या मात्रेपासून सुरू करून, रोज, आठवडेच्या आठवडे. कंबरेला व्यायाम लागतो, तो कागदावर चित्रं काढून देऊन होत नाही, कोणीतरी समोर उभं राहून करून घ्यावा लागतो. कधी मणक्याजवळ एखादं इंजेक्शन. आणि वेळ. यातली एकही गोष्ट दरपत्रकात स्वतःच्या नावाने उभी नाही. ज्याला खाटेवर झोपवता येतं, कापता येतं, टाके घालता येतात, त्यालाच आपल्याकडे उपचार म्हणतात.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आज राज्यभर आणि सगळ्यांसाठी आहे, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे, याची किंमत मला कळते. माझ्या कितीतरी पेशंटांची जमीन तिने वाचवलीय. म्हणूनच तिच्याकडे मागतेय. अमेरिकेला यासाठी कायदा करावा लागला. आपल्याला बहुधा ही योजना चालवणाऱ्या वरळीच्या राज्य आरोग्य हमी सोसायटीतून निघणारं एक परिपत्रक आणि त्याआधी आपल्या सहीचा एक शासन निर्णय पुरेल. खुबा, गुडघा, फासळ्या, पोटाची मोठी ऑपरेशनं अशा पॅकेजांना जोडून ‘शिरेचा ब्लॉक’ आणि ‘पाठीतली वेदनाशमन नळी’ यांचे वेगळे दर ठरवा. मोडलेल्या हाडाला मंजुरीची वाट बघावी लागते त्या दिवसांतही तो दर मिळू द्या, कारण सगळ्यात जास्त ओरडा तेव्हाच असतो.

खोटी बिलं येतील, हे मला ठाऊक आहे. मी याच जिल्ह्यात राहते. योजनेत टाक्यांचेसुद्धा फोटो चढवावे लागतात. इथे ब्लॉकच्या आधी आणि अर्ध्या तासाने पेशंटला पाय हलवायला लावून दुखण्याचे गुण लिहून घ्या, भूलतज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक घ्या, शंका आली तर पेशंटला फोन करा. दर फार गलेलठ्ठ ठेवू नका. पैशासाठी पिशव्या कशा निघतात ते आपण पाहिलंय. पैशासाठी पाठीत सुया टोचल्या जाऊ लागल्या तर मला हे पत्र लिहिल्याचा पश्चात्ताप होईल.

एक बारीक पण अवघड गोष्ट आहे. हे ब्लॉक हल्ली सोनोग्राफीत बघून देतात. सुई नेमकी जाते, औषध कमी लागतं, धमनी टोचली जाण्याची भीती कमी होते. आमच्या जिल्ह्यात सोनोग्राफीचं यंत्र म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. यंत्र बॅगेत घालून दारोदार नेता येत नाही, तो नियम तसाच राहू द्या. पण जिथे यंत्र आधीच नोंदलेलं आहे, तिथे केवळ ब्लॉकसाठी, वरवरचंच दाखवणारा प्रोब (यंत्राचा अंगावर फिरवायचा भाग) वापरायला भूलतज्ज्ञाचं नाव चढवण्याची सरळ, वेळेत होणारी पद्धत हवी. तो प्रोब शरीरात वरच्या काही सेंटिमीटरपुरतंच नीट दाखवतो. गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा केंद्राचा आहे हे खरं, तरी जिल्ह्यातली अंमलबजावणी आपल्याच यंत्रणेकडे आहे. तोवर मी बोटाने धमनीचा ठोका चाचपून, जुन्या पद्धतीने देत राहीन.

फिजिओथेरपिस्ट प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवा, हे सगळेच म्हणतात, मीही म्हणते. निदान जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस दुखण्याची ओपीडी सुरू होऊ द्या: एक भूलतज्ज्ञ, एक फिजिओ, आणि ऐकून घेणारी एक नर्स. हंगाम संपून कोयते परततात त्या एप्रिल-मेमध्ये ती आठवड्यातून तीन दिवस चालवा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहेच. ते दुसऱ्या खात्याचं असलं तरी कंबर दोन्ही खात्यांची एकच आहे.

आणि एक विनंती उलट्या बाजूने. बिगर-अफू उपचारांना बळ द्या म्हणताना कोणी मॉर्फिन आणखी आवळायची टूम काढली तर कृपा करून अडवा. कॅन्सर हाडात उतरलेल्या माणसाला ब्लॉक आणि व्यायाम सांगणं ही थट्टा आहे. त्याला मॉर्फिनच लागतं, आणि ते त्याला त्याच्या तालुक्यात मिळायला हवं.

आजींचं ऑपरेशन नीट झालं. त्या काठी टेकत अंगणापर्यंत जातात, असं सूनबाई सांगत होत्या. दुसऱ्या केसमधल्या बाईंचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

दरपत्रकाची पुढची सुधारणा होईल तेव्हा समितीत सर्जनांच्या जोडीला एक तरी तालुक्यात काम करणारा भूलतज्ज्ञ असू द्या. मला बोलावलंत तर मी येईन, प्रवासखर्च नको. फक्त चार दिवस आधी कळवा. आमच्या गावात भूल देणाऱ्या आम्ही दोघीच आहोत आणि दुसरीची पोरगी बारावीला आहे.

आपली विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ,
जि. बीड